हिरवी रेषा: गिरवायची किती, पुसायची कधी?



लखनौमध्ये आपण मराठी माणसं जमलो की गाणं होतं, नाटकाचं वाचन होतं, गणपतीत मोदकांची मोजणी होते. आज मी बोलणार आहे व्हिडिओ गेमवर. त्यातही गाड्यांच्या शर्यतीच्या गेमवर, आणि त्यातही पडद्यावर दिसणाऱ्या एका रेषेवर. पहिल्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवर ‘आता हे काय नवीन?’ असं स्पष्ट वाचता येतंय. पाच मिनिटं द्या, विषय तुमच्या घरातलाच आहे हे पटेल.

ज्यांनी हे गेम पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी आधी चित्र उभं करतो. टीव्हीवर शर्यतीचा ट्रॅक आहे, तुमची गाडी धावते आहे. गाडीच्या पुढे डांबरावर एक रंगीत पट्टा आखलेला दिसतो. वळण जवळ आलं की तो ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला जातो, मग आत वळतो, आतल्या कडेला टेकतो आणि पुन्हा बाहेर पसरतो. पट्टा हिरवा असेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबा. पिवळा झाला की पाय हलका करा. लाल झाला की ब्रेक. हीच ती ‘ड्रायव्हिंग लाईन’. २००५ साली आलेल्या पहिल्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’मध्ये अशी रंग बदलणारी रेषा होती. आज ‘ग्रॅन टुरिस्मो’ घ्या, फॉर्म्युला वनचे अधिकृत गेम घ्या, कुठल्या ना कुठल्या रूपात ती असतेच. सेटिंगमध्ये जाऊन ती पूर्ण ठेवता येते, बऱ्याच गेममध्ये फक्त वळणांपुरती किंवा फक्त ब्रेकपुरती ठेवता येते, नाहीतर सरळ बंद करता येते.

भांडण सुरू होतं ते इथे. मुलांच्या घोळक्यात लाईन लावून खेळणाऱ्याला किंमत नसते. आपल्याकडे लपाछपीत धाकट्या भावाला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घ्यायचे ना? खेळात आहे, पण त्याच्यावर राज्य नाही. तसं. मग दहा-बारा वर्षांचा मुलगा चिडून लाईन एका फटक्यात बंद करतो, प्रत्येक वळणावर गवतात जातो, दोन दिवस धडपडतो आणि तिसऱ्या दिवशी गेमच सोडतो. असं मी एकाहून जास्त घरांत पाहिलंय. याच्या उलट काही मुलं पाच-पाच वर्षं लाईनवर खेळतात. वेळ चांगली लावतात, पण रेषा काढून घेतली की त्याच ट्रॅकवर, त्याच गाडीत, पहिल्या दिवसासारखी चाचपडतात. दोघांचंही नुकसान झालं. एकाने मदत फार लवकर सोडली, दुसऱ्याने सोडलीच नाही.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो, मग उलगडतो. आपल्या भाषेत या रेषेला एक नेमका शब्द आहे. पाटीवर बाई अक्षर काढून द्यायच्या आणि आपण त्यावरून पेन्सिल फिरवायचो. ते म्हणजे गिरवणं. ड्रायव्हिंग लाईन हे गिरवण्यासाठी काढून दिलेलं अक्षर आहे. गिरवण्यात कमीपणा काहीच नाही. पण गिरवणं म्हणजे लिहिणं नव्हे. आणि गिरवण्याकडून लिहिण्याकडे जायची वाट एका उडीत पार होत नाही, ती पायरीपायरीने उतरावी लागते.

आता ही रेषा तिथेच का असते, ते बघू. कारण हे ‘का’ समजलं की निम्मं काम झालं.

कुठलंही वळण म्हणजे वर्तुळाचा एक तुकडा. टायरची पकड ठरलेली असते आणि त्या पकडीवर गाडी किती वेगाने वळेल हे वर्तुळाच्या त्रिज्येवर ठरतं. शाळेतलं भौतिकशास्त्र आहे: वेगाचा वर्ग त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. साध्या चांगल्या टायरवर २५ मीटर त्रिज्येचं वळण ताशी साधारण ५६ किलोमीटरने घेता येतं. तीच त्रिज्या ५० मीटर केली तर वेग ताशी ८० किलोमीटरपर्यंत जातो. म्हणजे वळण जितकं मोकळं, तितका वेग जास्त. ट्रॅकची रुंदी तर बदलता येत नाही. मग चालक काय करतो? सगळी रुंदी वापरतो. बाहेरून आत येतो, आतल्या कडेला स्पर्श करतो आणि परत बाहेर जातो. आतल्या कडेला गाडी जिथे सगळ्यात जवळ येते त्या बिंदूला ‘एपेक्स’ म्हणतात. बाहेर, आत, बाहेर. एवढ्याने वळणाची त्रिज्या वाढते.

पण इथेच संपत नाही. वळणानंतर लांब सरळ पट्टी असेल तर वळणातल्या वेगापेक्षा वळणातून बाहेर पडतानाचा वेग महत्त्वाचा ठरतो. कारण बाहेर पडताना ताशी पाच किलोमीटर कमी असलात तर ती उणीव पुढची पूर्ण पट्टीभर सोबत येते. अशा वळणात एपेक्स थोडा उशिरा घेतात: आधी जास्त हळू व्हायचं, गाडी लवकर सरळ करायची आणि अ‍ॅक्सिलरेटर लवकर दाबायचा. म्हणजे एकाच आकाराची दोन वळणं, पण पुढे काय आहे त्यावर दोघांची रेषा वेगळी. पडद्यावरची रेषा हे उत्तर दाखवते. ते उत्तर आलं कसं, हे मात्र ती सांगत नाही. गणिताच्या गाइडमध्ये शेवटी फक्त उत्तरं छापलेली असावीत, तसं.

याचं आपल्या उत्तर प्रदेशातलंच उदाहरण देतो. लखनौहून दिल्लीला गाडीने गेलात तर आधी आग्रा-लखनौ एक्सप्रेसवे, ३०२ किलोमीटर. पुढे यमुना एक्सप्रेसवे, १६५ किलोमीटर. आणि तो संपत येतो तिथे, ग्रेटर नोएडाच्या बाजूला, बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे. हर्मन टिल्के यांनी आखलेला ५.१२५ किलोमीटरचा आणि १६ वळणांचा ट्रॅक. भारतात फॉर्म्युला वनची शर्यत तिथे तीनदा झाली, २०११, २०१२ आणि २०१३ साली. तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला. पुढे कराच्या वगैरे वादांत ती शर्यत थांबली, तो आजचा विषय नाही.

मला सांगायचं आहे ते पहिल्या वर्षाबद्दल. पहिली शर्यत झाली ३० ऑक्टोबर २०११ रोजी. पण कोडमास्टर्स या ब्रिटिश कंपनीचा ‘एफ-वन २०११’ हा गेम त्याआधी महिनाभर, सप्टेंबरमध्येच बाजारात आला होता आणि त्यात बुद्ध सर्किट होतं. हे लक्षात घ्या. जगभरातली मुलं घरातल्या सोफ्यावर बसून या ट्रॅकवर हिरवी रेषा धरून फेऱ्या मारत होती, तेव्हा खऱ्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनची एकही शर्यत झालेली नव्हती. मग ती रेषा आली कुठून? आराखड्यावरून, भूमितीवरून. चुकीची होती असं मी म्हणत नाही. पण कुठल्याही चालकाच्या शर्यतीतल्या अनुभवाशिवाय आखलेली होती.

आणि मग खरा शुक्रवार उजाडला, पहिल्या सरावाचा. ट्रॅक कोरा, नवा. आजूबाजूला माती. नेहमीच्या मार्गावरून गाड्या गेल्या तेवढा भाग स्वच्छ झाला आणि त्याच्या बाहेर धूळच धूळ. तिथे चाक गेलं की पकड गेली. आणि पहिल्याच सरावात ट्रॅकवर चक्क एक कुत्रा आला. लाल झेंडा दाखवून सराव थांबवावा लागला. आपण उत्तर प्रदेशात राहणारे, आपल्याला त्यात आश्चर्य काहीच वाटलं नाही. पण गेममधल्या रेषेला ना धूळ माहीत होती, ना कुत्रा.

याच ट्रॅकवरची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून थोडी जास्त लांबीची सरळ पट्टी आहे, मग चौथं वळण. या तिसऱ्या आणि चौथ्या वळणांच्या तोंडाशी ट्रॅक मुद्दाम जास्त रुंद केलेला आहे. कशासाठी? चालकांना वेगवेगळ्या रेषा घेता याव्यात म्हणून. एक जण नेहमीच्या रेषेने येईल, दुसरा आतल्या बाजूने ब्रेक उशिरा लावून घुसेल, तिसरा मुद्दाम बाहेर राहून बाहेर पडताना वेग मिळवेल. शर्यतीतली मजा तिथेच घडते. म्हणजे ट्रॅक आखणाऱ्याने जिथे तीन पर्याय ठेवले, तिथे गेम एकच पट्टा रंगवून दाखवतो. रेषा धरूनच चालायचं ठरवलं तर दुसऱ्याला ओलांडताच येणार नाही, कारण ओलांडणं म्हणजेच रेषा सोडणं.

तर या रेषेला काय काय माहीत नसतं, याची यादी करून ठेवा. शेजारी दुसरी गाडी आहे, हे तिला माहीत नसतं. रेषा आत वळते म्हणून तुम्ही आत वळता आणि शेजारच्याला धडकता. ऑनलाईन शर्यतीत पहिल्या वळणावर जो ढीग होतो, त्यात हे नेहमी दिसतं. दुसरं, पाऊस. कोरड्या दिवसांत नेहमीच्या मार्गावर टायरचं रबर घासून बसतं आणि पकड वाढते. पाऊस पडला की तेच रबर निसरडं होतं. मग अनुभवी चालक नेहमीची रेषा सोडून बाहेरून, खरखरीत डांबरावरून जातात. बहुतेक गेममधली रेषा पावसातही जागची हलत नाही. तिसरं, तुमच्या टायरची झीज. शर्यतीच्या शेवटी पकड कमी होते, ब्रेक आधी लावावा लागतो. आणि चौथं म्हणजे तुमचा स्वतःचा हात. लाल रंग कुठे लागावा हे गेम सरासरी खेळाडू डोळ्यापुढे ठेवून ठरवतो. त्यामुळे थोडे तयार झालात की लाल रंग लवकर लागतोय असं वाटू लागतं. ते वाटणं शुभ आहे. अक्षर वळायला लागलंय, असा त्याचा अर्थ.

आता शिकण्याबद्दल. डोळ्यांपासून सुरू करतो. १९९४ साली मायकेल लँड आणि डेव्हिड ली या दोघांनी ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटा अभ्यास मांडला. वळणदार रस्त्यावर गाडी चालवताना माणूस नेमकं बघतो कुठे? उत्तर असं की वळणाच्या आतल्या कडेचा जो भाग पुढे आलेला दिसतो त्यावर नजर जाते, आणि तीही गाडी वळवायच्या एक-दोन सेकंद आधी. हात पुढे काय करणार ते डोळे आधी गोळा करत असतात. ताशी २०० किलोमीटर वेग असेल तर एका सेकंदात गाडी ५५ मीटर जाते. म्हणजे नजर शंभर मीटर पुढे हवी. लाईन लावली की काय होतं? नजर त्या रंगाला चिकटते. वळण कुठे संपतं, कडेचे लाल-पांढरे कर्ब कुठे सुरू होतात, चढ आहे की उतार, हे बघायचं राहून जातं. डोळे रस्ता वाचण्याऐवजी सिग्नल बघत बसतात.

दुसरी गोष्ट हात आणि सरावाची. हालचाली शिकण्याच्या शास्त्रात १९८४ साली सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी एक मोठा आढावा घेतला होता. त्याचा गाभा असा: प्रत्येक प्रयत्नाला बाहेरून मदत मिळाली की सरावाच्या वेळी कामगिरी चांगली दिसते, पण मदत काढून घेतल्यावर ती टिकत नाही, कारण शिकणारा त्या मदतीवर रेलून राहतो. पुढे १९९० साली विन्स्टीन आणि श्मिट यांनी प्रयोगात दाखवलं की सगळ्याच प्रयत्नांना माहिती देण्याऐवजी निम्म्याच प्रयत्नांना दिली आणि ती हळूहळू कमी करत नेली, तर दुसऱ्या दिवशी चाचणीत अशी माणसं उजवी ठरली. हे प्रयोग व्हिडिओ गेमवर झालेले नव्हते, साध्या हाताच्या हालचालींवर होते. पण लाईनवर पाच वर्षं खेळून लाईनशिवाय चाचपडणारा मुलगा का चाचपडतो, याचं उत्तर त्यात आहे. आणि औषधही त्यातच आहे. मदत एकदम तोडायची नाही, विरळ करत न्यायची.

इथे पहिल्या रांगेतल्या मंडळींकडे वळतो, कारण तुम्हाला शब्द दिला होता. या शहरात कैसरबागेत जी संगीत संस्था आहे, तिचा पाया एका मराठी माणसाने घातला. पंडित विष्णु नारायण भातखंडे, मुंबईच्या वाळकेश्वरचे, पेशाने वकील. १९२६ साली इथे मॅरिस कॉलेज सुरू झालं, आजचं भातखंडे विद्यापीठ. त्यांनी काय केलं? देशभर फिरून चिजा गोळा केल्या आणि स्वरलिपीत बांधल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब. क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग. त्याआधी एखादी बंदिश मिळवायची तर घराण्याचे उंबरे झिजवावे लागायचे, आणि झिजवूनही मिळेलच असं नव्हतं. स्वरलिपीने ती सर्वांपुढे उघडी केली. ज्याला गुरू लाभला नाही त्यालाही रागाची वाट दिसू लागली.

तेव्हाही आक्षेप आलेच. कागदावर राग मावतो का? मींड कशी लिहिणार? आंदोलन कसं लिहिणार? आक्षेप खोटा नव्हता. स्वरलिपी स्वर दाखवते, दोन स्वरांमधला प्रवास ती पूर्ण दाखवू शकत नाही. पण म्हणून कुणी असं म्हणालं का, की पुस्तकातून शिकलेला गवय्या लिंबूटिंबू? श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांच्या हाताखाली याच शहरात तयार झालेले गायक पुढे मैफली गाजवत होते. मात्र एक गोष्ट बघा. मैफलीत त्यांच्यापुढे पुस्तक उघडं नसायचं. पुस्तकातून बंदिश घ्यायची, ती गळ्यात बसवायची आणि मग पुस्तक मिटून विस्तार करायचा. ड्रायव्हिंग लाईनकडे मी असंच बघतो. ज्याच्या घरी गाड्यांचं वेड नाही, ज्याला शिकवायला कुणी नाही, त्याला तिने दार उघडून दिलं. त्यासाठी तिचे आभार मानायचे. आणि एके दिवशी पुस्तक मिटायचं.

मिटायचं कसं, ते आता क्रमाने सांगतो. लिहून घ्या, किंवा व्हिडिओ मागे नेऊन बघा.

एक ट्रॅक निवडा, एक गाडी निवडा. महिनाभर बदलायचं नाही. गाडी फार वेगवान नको, साधी घ्या. शर्यत नको, ‘टाइम ट्रायल’ घ्या, म्हणजे ट्रॅकवर तुम्ही एकटेच.

पहिली पायरी: लाईन पूर्ण ठेवून दहा फेऱ्या. पण या फेऱ्यांत वेळ बघायची नाही. एकच काम करायचं: रेषा लाल होते तिथे रस्त्याच्या कडेला काय आहे, ते बघायचं. १०० किंवा ५०चा फलक आहे? पूल आहे? कुंपणाचा रंग बदलतोय? प्रत्येक वळणाची एक खूण. तोंडाने मोठ्याने म्हणा: ‘निळा फलक, ब्रेक.’ घरचे हसतील, हसू द्या.

दुसरी पायरी: लाईन फक्त वळणांपुरती, किंवा फक्त ब्रेकपुरती. सरळ पट्टीवरची रेषा गेली की नजर आपोआप वर उठते. इथे आठवडाभर थांबा.

तिसरी पायरी: एक फेरी लाईनसह, एक फेरी लाईनशिवाय. आलटून पालटून. हा तो निम्म्या मदतीचा नियम. लाईनशिवायच्या फेरीत वेळ काही सेकंदांनी वाढेल. वाढू द्या. ज्या वळणावर सगळ्यात जास्त गोंधळ झाला तेवढंच पुढच्या फेरीत रेषेवर नीट बघा. आणि बघताना स्वतःला विचारा, रेषा इथे एवढी उशिरा आत का वळते? पुढे सरळ पट्टी आहे म्हणून? उतार आहे म्हणून? हे ‘का’ सापडलं की ते वळण तुमचं झालं.

चौथी पायरी: लाईन बंद, आणि तुमच्याच जुन्या फेरीचं भूत चालू. बहुतेक गेममध्ये स्वतःच्या सर्वोत्तम फेरीची पारदर्शक गाडी सोबत पळवता येते. ती उत्तर सांगत नाही, तुलना करू देते. कुठे मागे पडलो हे दिसतं, का मागे पडलो हे आपण शोधायचं.

पाचवी पायरी: नवा ट्रॅक. लाईन पुन्हा पूर्ण लावा. यात माघार काहीच नाही. गायक नवा राग शिकताना पुन्हा पुस्तक उघडतोच. फरक इतकाच की आता दहा फेऱ्यांचं काम चार फेऱ्यांत होईल.

खऱ्या जगातही असंच चालतं. शर्यतीच्या शाळांत नवशिक्यांसाठी ट्रॅकवर प्लॅस्टिकचे शंकू ठेवतात: इथे ब्रेक, इथे वळा, हा एपेक्स, इथे बाहेर. शर्यतीच्या दिवशी शंकू नसतात. रॅलीत मात्र शेजारी सहचालक बसलेला असतो आणि पुढचं प्रत्येक वळण वाचून दाखवतो, अगदी जगज्जेत्यालासुद्धा. मग तो लिंबूटिंबू का? नाही. कारण ती टिपणं आधी रस्ता पाहून दोघांनी स्वतः लिहिलेली असतात. मदत घेण्यात वाईट काही नसतं. ती मदत आपल्याला समजलेली आहे का, एवढंच बघायचं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगायची आहे, आणि ही ऐकणाऱ्या प्रत्येक सोळा-अठरा वर्षांच्या मुलासाठी आहे. रेसिंग लाईन ट्रॅकसाठी आहे. ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात, म्हणून पूर्ण रुंदी वापरता येते. आंबोलीच्या घाटात, वरंध्यात ‘बाहेर-आत-बाहेर’ केलंत तर ती ‘आतली कड’ किंवा ‘बाहेरची कड’ म्हणजे समोरून येणाऱ्या एसटीची बाजू असते. वळणापलीकडे काय आहे हे दिसत नसतं आणि तिथे ‘रीस्टार्ट’चं बटण नसतं. गेममधून रस्त्यावर आणण्यासारखी गोष्ट एकच: नजर लांब ठेवणं आणि वळणाच्या आधी वेग कमी करणं. रेषा तिथेच, पडद्यावर ठेवून यायची.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: माझा मुलगा लाईनशिवाय खेळायलाच तयार नाही. सक्ती करू का?

सक्ती नको. तो खेळतोय कशासाठी, ते आधी विचारा. दिवसभराची शाळा संपवून अर्धा तास गाडी पळवायला बसत असेल तर लाईन राहू द्या, तो त्याचा विरंगुळा आहे. त्याला वेळ सुधारायची असेल, मित्रांना हरवायचं असेल, तर त्याच्या शेजारी बसा आणि पहिली पायरी तुम्ही करा. तो चालवेल, तुम्ही खुणा लिहा. ‘लाल झाली तेव्हा झाड होतं बघ.’ आई-बाबांना गेमचं काहीच येत नसेल तरी हे काम जमतं. आणि एक तपासून बघा: त्याला लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसतात ना? पुष्कळ मुलग्यांना ते दिसत नाहीत आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. काही गेममध्ये रंग बदलण्याची सोय असते. मुलगा चुकीच्या जागी ब्रेक लावतोय असं वाटतं, आणि खरं तर त्याला रंगच कळत नसतो.

प्रश्न: ऑनलाईन शर्यतीत लाईन लावणं म्हणजे फसवणूक नाही का?

त्या शर्यतीचे नियम काय आहेत, ते बघायचं. बंदी असेल तर वापरायची नाही. परवानगी असेल तर फसवणूक कसली? काही गेममध्ये, उदाहरणार्थ फोर्झाच्या काही भागांत, मदती बंद केल्यावर बक्षिसाची रक्कम वाढते. म्हणजे गेमने हिशेब आधीच केलेला आहे. आणि खरं सांगू का, वरच्या दर्जाच्या खेळाडूंविरुद्ध लाईन तुम्हाला जिंकून देत नाही. शेजारी गाडी असताना ती आड येते. तेव्हा लाईनवाल्याला चिडवू नका. त्याला शेजारी जागा सोडायला शिकवा. तुमचीही गाडी वाचेल.

प्रश्न: मी एकाहत्तर वर्षांचा आहे. नातू बंगळूरूला असतो, रविवारी आम्ही ऑनलाईन एकत्र खेळतो. माझे हात थरथरतात. लाईन काढली तर मला पहिलं वळणही घेता येणार नाही. मी काय करू?

आजोबा, तुम्ही लाईन ठेवा. ब्रेकची मदत असेल तर तीही ठेवा. या सगळ्या मदती गेममध्ये घातल्या आहेत त्या मुख्यतः अशासाठीच, की हात थरथरत असले, नजर मंद असली, कधी गेम पाहिलेला नसला, तरी माणसाला खेळात येता यावं. मघाशी सांगितलेल्या पाच पायऱ्या चढायच्या आहेत त्यांच्यासाठी आहेत. तुम्हाला चढायचं नाही, तुम्हाला रविवारी नातवाशेजारी गाडी चालवायची आहे. तेवढं फक्त करा की पुढच्या रविवारी त्याला विचारा, ‘अरे, ही रेषा या वळणावर एवढी बाहेर का जाते?’ तो समजावून सांगेल. आणि सांगता सांगता त्यालाही ते पहिल्यांदाच नीट कळेल.

वेळ संपली असं आयोजक खुणावत आहेत. लाल रंग लागला, ब्रेक लावतो.